जबाब मराठीत, माणूस बंगालीत: पोलीस तपासात दुभाषी कसा मागायचा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यातला परप्रांतीय माणसाचा जबाब घ्या आणि थेट शेवटच्या ओळीवर जा. थोड्याफार फरकाने ती अशी असते: "माझा वरील जबाब संगणकावर मराठीत टंकलिखित केला असून तो मला हिंदीत समजावून सांगितला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे." ही ओळ बहुतेक वेळा साच्यातच असते, वरचा मजकूर बदलतो आणि ती तशीच राहते. समजावून कोणी सांगितलं, त्याला दोन्ही भाषा कितपत येतात आणि समोरच्याला हिंदी कळतं हे ठरवलं कोणी, यातलं काहीच तिच्यात नसतं. मुर्शिदाबादचा गवंडी असो, नेपाळचा वॉचमन असो की झारखंडहून आलेला संथाळी बोलणारा हेल्पर, सगळ्यांच्या जबाबाखाली तीच ओळ.

कोर्टात दुभाष्याबद्दल कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (यापुढे नुसती 'संहिता') कलम ३१२ सांगतं की साक्षीदार कोर्टाच्या भाषेत बोलत नसेल तर शक्य असल्यास त्याची साक्ष त्याच्याच भाषेत उतरवायची, नाहीतर साक्ष चालू असतानाच कोर्टाच्या भाषेत तिचा खरा अनुवाद तयार करायचा. कलम ३१४ प्रमाणे आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती खुल्या कोर्टात त्याला कळेल अशा भाषेत सांगितलीच पाहिजे. कलम ३१७ दुभाष्याला खरा अनुवाद करण्यास बांधून घेतं आणि शपथांचा १९६९ चा कायदा त्याला शपथ द्यायला लावतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमं २७७, २७९ आणि २८२ होती. जुने वकील अजून तेच आकडे बोलतात.

पण खटला उभा राहतो तो पोलीस ठाण्यात. कलम १८० खाली तपासी अधिकारी जबाब घेतो, तिथे दुभाष्याचा सर्वसाधारण हक्क देणारं एकही वाक्य संहितेत नाही. पोलिसांनी दुभाष्यांची यादी ठेवावी, त्यांना मानधन द्यावं, त्यांची पात्रता तपासावी, यातलंही काही नाही. भारताने १९७९ साली स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात मोफत दुभाष्याचा हक्क आहे, तोही मुख्यतः कोर्टातल्या सुनावणीचा. माझ्या मते ही आपल्या कायद्यातली मोठी फट आहे. नवी संहिता आणताना ती बुजवायची संधी होती, ती गेली. अपवाद आहेत ते बलात्कारासारख्या गुन्ह्यातली पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तेव्हाचे आणि लहान मुलांचे. त्यांच्याकडे पुढे येतो.

मग प्रौढ, धडधाकट, पण मराठी-हिंदी न कळणाऱ्या संशयिताने कशाचा आधार घ्यायचा? सगळ्यात भक्कम आधार अटकेच्या कारणांचा. राज्यघटनेचं अनुच्छेद २२(१) आणि संहितेचं कलम ४७ सांगतात की अटक केलेल्याला अटकेची कारणं कळवली पाहिजेत. 'कळवली' याचा अर्थ काय, हे सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने घट्ट केलं. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात ६ नोव्हेंबर २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला कळेल अशा भाषेत द्यायची. लगेच लेखी देणं शक्यच नसेल तर आधी तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कागद हातात पडला पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि त्यावरचं रिमांड दोन्ही बेकायदा.

या निकालाचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. बंगाली माणसाला बंगालीत कागद द्यायचा तर ठाण्याला अनुवादक शोधावाच लागतो, तोही मॅजिस्ट्रेटसमोर हजर करण्याच्या २४ तासांच्या मुदतीत. एकदा तो आला की जबाबाच्या वेळी "दुभाषी मिळाला नाही" म्हणायला जागा राहत नाही. म्हणून पहिली मागणी अटकेच्या कारणांच्या भाषेचीच करावी.

विचार नवा नाही. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे १९६२ चं प्रकरण प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचं, म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून आधीच कोठडीत ठेवण्याचं. स्थानबद्धाला इंग्रजी येत नव्हतं, कारणं इंग्रजीत दिली होती, त्याने हिंदीत मागितली आणि ती नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. १९८१ च्या लल्लूभाई जोगीभाई पटेल प्रकरणात कारणं इंग्रजीत होती आणि पोलीस निरीक्षकाने ती गुजरातीत समजावून सांगितली असा सरकारचा बचाव होता. तो टिकला नाही. नुसतं समजावणं पुरेसं नाही, त्याच्या भाषेतला कागद द्या, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. वरच्या साच्यातल्या ओळीशी हे ताडून पाहा.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. "मला भाषा येत नाही" म्हटलं आणि सुटलो, असं होत नाही. १९९० साली एका पोलिश नागरिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरोपीचं म्हणणं जसंच्या तसं मानायला न्यायालय बांधील नाही, तो आव आणतोय का हेही तपासलं जाईल. सरकारी पक्ष मग इतर कागद काढतो. भाडेकरारावरची इंग्रजी सही, बँकेचा फॉर्म, मोबाईलमधले मेसेज, दहा वर्षांचं मुंबईतलं वास्तव्य. त्यामुळे नेमकं बोलावं. "मला हिंदी अजिबात येत नाही" यापेक्षा "बाजारात भाव करण्यापुरतं हिंदी येतं, गुन्ह्याची हकिकत सांगण्याइतकं येत नाही, वाचता येत नाही" हे खरंही असतं आणि उलटतपासात टिकतंही.

ठाण्यात प्रत्यक्ष काय करायचं ते आता. नातेवाईक पोहोचले तर ठाणे अंमलदाराकडे साध्या कागदावर लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर तोच मजकूर पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांच्या अधिकृत ईमेलवर पाठवावा, वेळेची नोंद आपोआप राहते. अर्जात राज्याचं नाव नको, भाषेचं नाव हवं, शक्य असेल तर बोलीसुद्धा. 'बिहारी' ही भाषा नाही. मैथिली बोलणाऱ्याला भोजपुरीचा माणूस आणून दिला की काम अर्धवट होतं. कलम ३८ प्रमाणे चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र तो पूर्णवेळ शेजारी बसू शकत नाही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. तिथे फोन करतानाच आरोपीची भाषा सांगावी, म्हणजे ती जाणणारा वकील असला तर पाठवता येतो.

परदेशी नागरिक असेल तर व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६ प्रमाणे त्याच्या वकिलातीला कळवण्याचा हक्क त्याला आहे. पण वकिलातीतला अधिकारी हा दुभाषी नव्हे. तो फार तर दुभाष्यांची नावं देईल.

पहिल्या रिमांडला मॅजिस्ट्रेटसमोर हे तोंडी सांगून थांबू नये. चार ओळींचा अर्ज पुरतो:

"अर्जदार आरोपीची मातृभाषा बंगाली असून त्यास मराठी समजत नाही व हिंदी वाचता येत नाही. अटकेची कारणे त्यास बंगालीत लेखी दिलेली नाहीत. चौकशीचे वेळी दुभाषी नव्हता. सबब यापुढील चौकशी स्वतंत्र दुभाष्यामार्फत व दृक्‌श्राव्य चित्रीकरणात करण्याचे, तसेच पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करण्याचे आदेश व्हावेत."

शेवटच्या मागणीकडे अनेक वकील दुर्लक्ष करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांत आवाजही रेकॉर्ड व्हायला हवा आणि चित्रीकरण १८ महिने, निदान एक वर्ष तरी टिकायला हवं. "हिंदीत समजावून सांगितला" हे खरं की खोटं, याचा सगळ्यात चांगला पुरावा तोच, आणि मागितला नाही तर काही काळाने पुसला जातो. अर्ज दिल्याचा उल्लेख कोर्टाच्या रोजनाम्यात (त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत) आला का, ते त्याच दिवशी पाहावं. दोन वर्षांनी उलटतपासात "त्या वेळी तक्रार केली नाही" या एका वाक्याने सगळं वाहून जातं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पोलिसांनी तपासात उतरवलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, संहितेचं कलम १८१ तसं म्हणतं. फिर्यादीवर मात्र ती देणाऱ्या माणसाची सही लागते आणि फिर्याद त्याला वाचून दाखवावी लागते. त्यामुळे न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही मागितली तर पहिला प्रश्न विचारायचा: हा कागद कसला? अटक पंचनामा असेल, झडती पंचनामा असेल, तर सहीच्या वर आपल्या लिपीत लिहावं, "मला मराठी वाचता येत नाही, कोणी वाचून सांगितलं नाही." एवढ्या ओळीने पुढे खूप फरक पडतो. अमली पदार्थांच्या प्रकरणात तर अधिकच. तिथे अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा हक्क (त्या कायद्याचं कलम ५०) संशयिताला सांगावा लागतो. २०१० साली घटनापीठाने ते बंधनकारक ठरवलं. न कळणाऱ्या भाषेत सांगितलेला हक्क सांगितला असं म्हणता येत नाही, आणि बचाव पक्ष हाच मुद्दा धरतो.

दुभाषी कोण असावा? व्यवहारात असतो तो हवालदार, शेजारच्या हॉटेलातला वेटर, मुकादम, किंवा सहआरोपी. सहआरोपी आणि मुकादम पूर्णपणे बाद, दोघांचाही हितसंबंध गुंतलेला असतो. भाषा जाणणारा पोलीस पाणी-जेवण विचारायला, नातेवाइकाचा नंबर घ्यायला चालेल, पण जबाबासाठी नको. नंतर कोर्टात तोच साक्षीदार होतो आणि तपास यंत्रणेचा माणूस म्हणून त्याची विश्वासार्हता पहिल्या प्रश्नातच जाते. मोबाईलवरच्या भाषांतराच्या ॲपबद्दलही तेच. तातडीच्या दोन प्रश्नांना ठीक, पण त्याने काय विचारलं आणि काय उत्तर आलं याची नोंद राहत नाही, आणि माडिया किंवा कोरकूसाठी त्याचा भरवसा धरता येत नाही. त्यातल्या त्यात बरे पर्याय म्हणजे त्या भाषेचा शिक्षक, विद्यापीठातल्या भाषा विभागातला माणूस, त्या राज्यातून आलेला पण प्रकरणाशी संबंध नसलेला सरकारी कर्मचारी.

चांगला तपासी अधिकारी आधी पाच मिनिटं चाचणी घेतो. "गाव कुठलं, तिथून इथे कसा आलास, सांग" असा मोकळा प्रश्न दुभाष्यामार्फत विचारायचा आणि उत्तर किती येतं ते पाहायचं. 'समजतं का?' या प्रश्नाला घाबरलेला माणूस हो म्हणतो, त्यामुळे तो प्रश्न चाचणी म्हणून कुचकामी. मग जबाबाच्या सुरुवातीलाच दुभाष्याचं पूर्ण नाव, वय, व्यवसाय, पत्ता, दोन्ही भाषा कुठे शिकला, आरोपीशी किंवा फिर्यादीशी नातं आहे का, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, हे लिहायचं. दुभाष्याने प्रत्येक पानावर सही करायची. त्याची सही चालते, मनाई आहे ती जबाब देणाऱ्याच्या सहीला. मजकूर प्रश्नोत्तर रूपात घ्यायचा, सलग कहाणी करायची नाही. शक्य असेल तर मूळ भाषेतला जबाब आणि त्याखाली मराठी अनुवाद, असे दोन थर ठेवायचे. कलम १८० जबाबाचं चित्रीकरण करायला मुभा देतंच, ती वापरावी. चित्रीकरण असलं की दुभाषी चुकला तरी दुरुस्त करता येतो. नसलं तर चूक कायमची.

अनुवादात कुठे घसरतं ते ठरलेलं आहे. अप्रशिक्षित दुभाषी सारांश काढतो. माणूस तीन मिनिटं बोलतो आणि कागदावर दीड ओळ येते. तो 'मी' च्या जागी 'हा म्हणतोय' लावतो, मग लिहिणारा कोण कोणाबद्दल बोलतंय यात गोंधळतो. नकारार्थी प्रश्न घात करतात. "तू तिथे नव्हतास ना?" याला "हो" असं उत्तर आलं तर ते हजेरीचं की गैरहजेरीचं, हे भाषेगणिक आणि माणसागणिक बदलतं. प्रश्न नेहमी सरळ विचारावा: "तू त्या वेळी कुठे होतास?" अंतर, वेळ, रक्कम एकदा उलट विचारून पक्की करावी. आणि वेळेचा हिशेब आधीच दुप्पट धरावा, एक तासाचा जबाब दुभाष्यामार्फत दोन तास घेतो. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायच्या घाईत सगळ्यात आधी कापला जातो तो हाच वेळ.

सर्वात जास्त नुकसान होतं ते निवेदन पंचनाम्यात, म्हणजे "मी लपवलेलं हत्यार काढून देतो" या कागदात. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही, पण त्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक. इथे आरोपीचे नेमके शब्द महत्त्वाचे, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते पुन्हा बजावलं. आता चित्र पाहा. आरोपी बंगालीत बोलतो, हवालदार हिंदीत सांगतो, लेखनिक मराठीत लिहितो आणि दोन्ही पंचांना बंगालीचं अक्षर कळत नाही. उलटतपासात पंचाला एवढंच विचारायचं: आरोपी कोणत्या भाषेत बोलला? त्यातले किती शब्द तुम्हाला कळले? पंच जे सांगतो ते त्याने ऐकलेलं नसतं, हवालदाराने सांगितलेलं असतं. खरोखर गुन्हेगार असलेला माणूसही इथून सुटू शकतो. म्हणून दुभाष्याचा आग्रह सरकारी पक्षाच्या वकिलांनीही धरला पाहिजे.

परप्रांतीयांपुरतं हे नाही. मेळघाटातला कोरकू, भामरागडचा माडिया, धडगावचा पावरा हे इथलेच. कोरकू मुंडा कुळातली, माडिया द्रविड कुळातली, मराठीशी दोघींचं नातं नाही. शाळेत मराठी शिकलेला तरुण बोलेल, पण साक्षीदार बहुधा त्याची आजी असते. तिच्या जबाबात 'सदर इसमाने' आणि 'नमूद ठिकाणी' असे शब्द आले की कोणीही ओळखतं, ही भाषा तिची नाही. कोर्टात ती तिच्या भाषेत साक्ष देते, दुभाषी वेगळा असतो, आणि जबाबाशी विसंगती निघाली की बचाव पक्ष ती उचलतो. साक्षीदार खोटी ठरते, दोष मात्र पहिल्या अनुवादाचा असतो.

कर्णबधिर व्यक्तींचं प्रकरण वेगळं. भारतीय सांकेतिक भाषा शिकलेला माणूस आणि फक्त घरच्या खाणाखुणा येणारा माणूस यांना एकच दुभाषी चालत नाही. दुसऱ्यासाठी त्याच्या खुणा जाणणारा आणि प्रशिक्षित दुभाषी अशी जोडी लागते. राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग या २०१२ च्या निकालात मूकबधिर साक्षीदाराच्या वडिलांनी दुभाष्याचं काम केलं होतं, शपथ न घेता. साक्ष टिकली नाही. न्यायालयाने सांगितलं की दुभाषी त्याच परिसरातला असावा, पण प्रकरणात त्याचा हितसंबंध नसावा आणि त्याला शपथ द्यावी. साक्षीदार लिहू-वाचू शकत असेल तर लेखी उत्तर घेणं सगळ्यात बरं. दिव्यांग पीडितेची फिर्याद कलम १७३ प्रमाणे तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत आणि चित्रीकरणासह घ्यायची. हे ऐच्छिक नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, दुभाषी शोधताना तिथून सुरुवात करता येते.

मुलांसाठी कायदा पुढे आहे. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे मुलाला न कळणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यायचाच. २०२० च्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवायची आणि मानधन सरकारने द्यायचं. पदवीची अट नाही. मुलाची भाषा आणि राज्याची भाषा दोन्ही येत असाव्यात, मातृभाषा म्हणून, निदान प्राथमिक शाळेच्या माध्यमातून, किंवा त्या भागात राहून-काम करून. "दुभाषी मिळाला नाही" ही सबब ऐकण्याआधी त्या नोंदवहीचं पान मागावं.

दोषारोपपत्राच्या भाषेबद्दल गैरसमज आहे. व्यापम प्रकरणात (मध्य प्रदेशातला भरती आणि प्रवेश परीक्षांचा घोटाळा) ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दोषारोपपत्र कोर्टाच्या भाषेत नाही एवढ्याने ते बेकायदा होत नाही. आरोपी आणि त्याचा वकील दोघांनाही ती भाषा कळत नसेल तर अनुवाद मागता येतो. वकिलाला कळत असेल तर बहुधा मिळत नाही.

आपली माणसं बाहेर असतात तेव्हा हेच उलट्या बाजूने लागतं. सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक तमिळनाडू, केरळपासून पंजाबपर्यंत सोनं-चांदी गाळतात, आणि चोरीच्या सोन्याच्या तपासात पोलीस त्यांच्या दुकानात येतात. वर्षानुवर्षं राहून तमिळ बोलता येतं, पण जप्तीचा पंचनामा वाचता येत नाही. अशा वेळी सहीबरोबर मराठीत दोन ओळी लिहिणं आणि स्वतःचं म्हणणं मराठीत किंवा हिंदीत लेखी देऊन पोच घेणं, एवढं तरी करावं.

परदेशात हक्क जास्त धारदार आहे. इंग्लंडमध्ये पोलीस चौकशीच्या 'कोड सी' चा तेरावा भाग दुभाष्याचा. तो सरकारी खर्चाने मिळतो आणि तातडीचे अपवाद सोडता त्याच्याशिवाय चौकशी सुरू करता येत नाही. युरोपीय संघाचा २०१० चा ६४ वा निर्देश (डेन्मार्क त्यात नाही) चौकशीत दुभाषी, महत्त्वाच्या कागदांचा अनुवाद, खर्च राज्याचा, आणि दुभाषी वाईट असल्यास तक्रार करण्याचा हक्क देतो. निकाल विरोधात गेला तरी ते पैसे मागता येत नाहीत. तिथली नेहमीची गफलत म्हणजे 'इंडियन' पाहून हिंदीचा दुभाषी बोलावणं. नोंद होतानाच 'मराठी' असं भाषेचं नाव लिहून घ्यावं. ऑफिसपुरतं इंग्रजी येत असलं तरी दुभाषी नाकारू नये. नाकारल्याची नोंद फायलीत राहते आणि पुढे "मला नीट कळलं नव्हतं" म्हणताना तीच आडवी येते.